कुत्र्याचा कान ‘एका रात्रीत’ जातो तेव्हा

म्हातारा कुत्रा हाकेला येईनासा झाला की कोल्हापुरात पहिलं निदान ठरलेलं असतं: “लई शेफारलंय.” दुसरं, “ऐकून न ऐकल्यागत करतंय.” त्याला ऐकूच येत नाही हे तिसरं निदान होईपर्यंत कित्येक महिने निघून गेलेले असतात. मग एके दिवशी गेट करकरतं, दूधवाला आत येऊन पातेल्यात दूध ओतून जातो आणि हा पठ्ठ्या पायरीवर घोरत पडलेला. त्या दिवशी घरच्यांच्या पोटात गोळा येतो आणि जनावरांच्या डॉक्टरांना सांगितलं जातं की काल रात्रीपर्यंत अगदी व्यवस्थित होता.

काही कुत्र्यांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण म्हाताऱ्या कुत्र्यांपैकी बहुतेकांचा कान हळूहळू गेलेला असतो, आपल्याला कळतं तेवढं अचानक. हे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत, कारण एकात दोन-चार दिवसांनाही किंमत असते आणि दुसऱ्यात धावपळ करून हाती काही लागत नाही.

हळूहळू गेलेला कान लपतो कसा? माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ६५ ते ४५,००० हर्ट्झपर्यंतचे. म्हणजे खर्जात आपण थोडे पुढे आणि वरच्या पट्टीत तो आपल्या कितीतरी पुढे. आवाजाची कंपनं शेवटी पोचतात ती आतल्या कानातल्या कॉक्लियात, गोगलगायीच्या शंखासारख्या वेटोळ्या नळीत. या नळीत सुरुवातीच्या टोकाला तीव्र स्वर टिपले जातात आणि आतल्या टोकाला खर्जातले. कंपनांची लाट या नळीतून कशी सरकते हे गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवून दिलं, त्याबद्दल त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं. वय झालं की झीज सहसा सुरुवातीच्या टोकाकडून होते. त्यामुळे आधी जाते शिट्टी, मग किल्ल्यांचा खुळखुळाट, बिस्किटाच्या पुड्याची चुरचुर, घरातल्या लहान पोरांची हाक. उसाचा ट्रॅक्टर, ढोल, आपटलेलं दार हे मात्र बराच काळ टिकून राहतं. नातवाच्या हाकेला न हलणारा कुत्रा आजोबांच्या घोगऱ्या आवाजाला उठतो, आणि घरात म्हणतात की हा माणूस बघून वागतो!

शिवाय त्याचं नाक शाबूत असतं, डोळे शाबूत असतात. तुम्ही खुंटीवरचा पट्टा काढताना त्याला दिसता, पातेल्यावरचं झाकण उघडलं की वास येतो, घरात दुसरा कुत्रा असला तर तो उठला की हाही उठतो. आपल्या भागात मळ्यावर कारवानी कुत्रा पाळायची पद्धत आहे. ही जात शिकार करते ती नजरेवर. सशामागं लागलेला कारवानी तरुणपणीसुद्धा हाकेला दाद देत नाही, तेव्हा म्हातारपणी कान गेले तरी मालकाला वावगं वाटण्याचं कारणच नसतं.

खात्री करायला घरच्या घरी एक चाचणी करता येते, पण ती नीट करावी लागते. त्याच्या मागे उभं राहून टाळी वाजवणं बिनकामाचं, कारण हाताने ढकललेली हवा त्याच्या अंगावर येते आणि तो वळतो. आपण खूश होतो की ऐकू येतंय. त्याऐवजी तो गाढ झोपलेला असताना दाराआडून, त्याला न दिसता, पाय न आपटता आवाज करायचा. एका वेळी किल्ल्या, एका वेळी शिट्टी, एका वेळी स्टीलचं ताट आणि डाव. बघायचं ते कानाकडे. कुत्रा उठला नाही तरी ऐकू आलं असेल तर कानाची पाळी हलते, निदान भुवईपाशी तरी थरथर होते. दोन-तीनदा करून थांबावं, नाहीतर ऐकू येणारा कुत्रासुद्धा कंटाळून दुर्लक्ष करतो. एकच कान गेला असेल तर तो उठेल, पण भलतीकडे बघेल. आवाज कुठून आला हे ठरवायला दोन्ही कान लागतात.

पक्की तपासणी म्हणजे बेअर चाचणी. डोक्याच्या कातडीखाली बारीक सुया लावून कानात टकटक आवाज सोडतात आणि पुढच्या १० मिलिसेकंदांत मेंदूकडे जाणाऱ्या विद्युत लहरी मोजतात. प्रत्येक कान वेगळा तपासता येतो. डाल्मेशियनसारख्या जातींमध्ये, जिथे पांढऱ्या रंगाशी जोडलेलं जन्मजात बहिरेपण असतं, पिल्लांसाठी ही चाचणी फार उपयोगाची. घरच्या म्हाताऱ्या कुत्र्याला ती केली नाही म्हणून काही अडत नाही.

आता खरोखर अचानक आलेलं बहिरेपण. इथे मात्र आशेला जागा आहे, कारण कित्येकदा आवाजाची वाट बुजलेली असते, आतलं यंत्र ठीक असतं. कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. पडद्यापर्यंत गेलेलं काही सहजी बाहेर येत नाही. पावसाळा संपता संपता गवताला कुसळं धरतात, त्यातलं एखादं कानात शिरलं की उलट्या काट्यांमुळे ते फक्त आतच सरकतं. कुत्रा एकाएकी डोकं झटकू लागतो, मान एका बाजूला वाकडी धरतो. गोचीड आत जाऊन बसतो. पंचगंगेला किंवा विहिरीत पोहणाऱ्या, लोंबत्या कानांच्या लॅब्रॅडॉरच्या कानात ओल राहते, बुरशी वाढते, तपकिरी मळ आणि आंबूस वास येतो. हे सगळं डॉक्टर कानात दुर्बीण घालून बघू शकतात, बहुतेक वेळा दुरुस्तही करू शकतात. डोकं कलतं राहणं, चालताना झोक जाणं, डोळ्यांची बुबुळं एका लयीत हिसके देणं यातलं काही सोबत असेल तर दुखणं मधल्या किंवा आतल्या कानापर्यंत गेल्याची शक्यता असते. मग दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये.

आणि तोवर कानात काहीही घालू नये. हे मुद्दाम ठासून सांगतो, कारण आपल्याकडे कानाचं पहिलं औषध म्हणजे कोमट तेल. पडदा फाटलेला असेल तर ते तेल थेट मधल्या कानात उतरतं, आणि फाटलेला नसेल तरी डॉक्टरांना आतलं काही दिसू देत नाही. इअरबडने मळ काढायला जावं तर तो त्या काटकोनाच्या पलीकडे ठासला जातो. गेल्या वर्षीची अर्धी उरलेली थेंबांची बाटली तर सगळ्यात वाईट. कानाच्या औषधांत जेंटामायसिन, निओमायसिन यांसारखी प्रतिजैविकं असतात. जखमा धुवायला वापरतात ते क्लोरहेक्सिडिनही घराघरांत असतं. पडदा शाबूत असेपर्यंत ठीक, पण फाटक्या पडद्यातून ही द्रव्यं आत गेली तर आवाज टिपणाऱ्या केसपेशी मारू शकतात. आजार बरा होतो आणि कान जातो.

या केसपेशींपाशीच सगळी गोष्ट अडते. माणसाच्या एका कानात त्या पंधरा-सोळा हजार असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर सूक्ष्म तंतूंचा झुबका, तो कंपनाने कलला की पेशीत विद्युत संदेश उमटतो. पेशी मेली की तिच्या जागी नवी येत नाही. आपल्यात नाही, कुत्र्यातही नाही. कोंबडीत येते, हे १९८०च्या दशकात दिसून आलं, आणि तेव्हापासून सस्तन प्राण्यांत तसं घडवता येईल का याचा शोध चालू आहे.

मोठ्या आवाजाने या पेशी आधी थकतात, मग मरतात. फटाक्यांसाठी आपल्याकडे फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल अशी मर्यादा आहे. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने चढतो. म्हणजे मर्यादेत बसणारा फटाकाही एका मीटरवर १३७च्या घरात जातो, आणि पेठेतल्या बोळात भिंतींवरून परत आलेला आवाज वेगळाच. काही कुत्री पळून जाण्याऐवजी वात पेटलेल्या सुतळी बॉम्बवर झेप घेतात, त्यांची काय गत होत असेल ते सांगायला नको. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोरून गेल्यावर आपल्या कानाला दडे बसतात ते काही तासांत, फार तर काही दिवसांत सुटतात. कुत्र्याचंही तसंच. पण सुटतात म्हणून काही झालंच नाही असं नसतं, आणि काही आठवड्यांनीही सुटले नाहीत तर ते बहुधा कायमचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ हा नियम २००० सालापासून कागदावर आहे. विसर्जनाच्या रात्री तो कुठे असतो, देव जाणे! अशा रात्री कुत्र्याला रस्त्यापासून लांबच्या, आतल्या खोलीत ठेवावं. गेट किंवा जिन्याशी बांधू नये.

कान गेलाच असेल तर? कुत्र्यांसाठी श्रवणयंत्रं करून पाहिली गेली आहेत, पण कानात काही अडकवून घेणं बहुतेक कुत्र्यांना सोसत नाही. तेव्हा वळण लावायचं ते घराला. त्यात एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडते: कुत्रा मुळातच आपले हात आणि तोंड वाचणारा प्राणी आहे. शब्द एक आणि हाताची खूण दुसरी दिली तर पुष्कळ कुत्री खुणेप्रमाणे वागतात. “बस” म्हणताना तुमचा हात नकळत खाली जातच असतो, त्याने बऱ्यापैकी शिकून घेतलंय ते त्या हातावरूनच.

नव्या खुणांत आधी शिकवायची ती शाबासकीची. अंगठा वर करायचा आणि लगेच चिकनचा बारीक तुकडा द्यायचा. अंगठा, तुकडा. काही दिवसांत अंगठा दिसला की शेपटी हलते, मग बाकीच्या खुणा त्यावर चढवता येतात: ये, बस, थांब, जेवण, फिरायला. घरातल्या सगळ्यांनी एकच खूण करायला हवी. आजीचं ‘ये’ आणि काकाचं ‘जा’ सारखं दिसलं तर बिचाऱ्याने करायचं काय? बोलणंही बंद करू नये. बोलताना आपला चेहरा हलतो, खांदे हलतात. गप्प राहून केलेल्या खुणा कोरड्या पडतात.

आधी त्याचं लक्ष वेधायचं कसं, हा खरा पेच. जुन्या वाड्याच्या माडीवर लाकडी तक्तपोशी असेल तर टाच आपटली की काम होतं. स्लॅबवरच्या फरशीतून तेवढी कंपनं जात नाहीत, तिथे बॅटरीचा झोत त्याच्यासमोर जमिनीवर टाकावा किंवा दिव्याचं बटण दोनदा चालू-बंद करावं. अंगणातल्या कुत्र्याला रात्री आत बोलवायला ही युक्ती उत्तम. थरथरणारे पट्टेही मिळतात. थरथर झाली की ‘माझ्याकडे बघ’, एवढाच अर्थ खाऊ देऊन शिकवावा. विजेचा झटका देणारा पट्टा मात्र घेऊच नये, नाहीतर तो जवळ यायचंच सोडतो.

झोपलेल्या बहिऱ्या कुत्र्याला पाठीवर थाप मारून उठवू नये. सात वर्षं मांडीवर खेळलेलाही दचकून दात लावू शकतो, त्यात त्याचा दोष नाही. नाकासमोर हात धरावा, वास आत जाऊ द्यावा, मग खांद्यावर, दर वेळी त्याच जागी, हळूच स्पर्श करावा. लहान पोरांना हे करून दाखवावं. नुसतं सांगून त्यांच्या ध्यानात राहत नाही. बाहेर जातानाही त्याला उठवून, दिसून जावं. न सांगता गेलात तर तो जागा झाल्यावर घरभर शोधत फिरतो. भुंकणं बदललं, वाढलं तर रागवू नका, त्याला स्वतःचा आवाजही ऐकू येत नसतो.

घराबाहेर पट्टा कायम हातात. रंकाळ्यावर सकाळी गर्दी असते, मागून येणाऱ्या स्कूटरचा हॉर्न त्याच्या लेखी वाजतच नाही. त्याहून मोठी भानगड गल्लीतल्या कुत्र्यांची. कुत्री भांडण्याआधी गुरगुरून सांगतात की पुढे येऊ नकोस. हा ऐकत नाही, शेपटी हलवत पुढे जातो, आणि समोरच्याला तो उर्मटपणा वाटतो. तेव्हा समोरच्याची ताठलेली मान आणि उभे राहिलेले केस त्याच्या वतीने तुम्ही बघायचे आणि वेळीच गल्ली बदलायची. मळ्यात मोकळं सोडायचंच असेल तर कुंपण धड आहे का ते आधी फिरून पाहा. उसात शिरलेल्या बहिऱ्या कुत्र्याला हाक मारून काढता येत नाही. गळ्यातल्या बिल्ल्यावर फोन नंबराखाली ‘ऐकू येत नाही’ एवढं कोरून घ्या, हरवला तर ज्याच्या हाती लागेल त्याला कळेल की हा आपल्या हाकेला का वळत नाही.