अहवालातलं दुसरं वाक्य

नोव्हेंबर १९८६मध्ये ब्रिटनमध्ये गायींचा एक नवा रोग ओळखला गेला. मेंदू स्पंजासारखा सच्छिद्र होई, गाय अडखळत पडे. हाच बीएसई, म्हणजे ‘मॅड काऊ’. ते मांस खाणाऱ्या माणसांना धोका आहे का, हे सांगायला सरकारने १९८८मध्ये प्राणिशास्त्रज्ञ सर रिचर्ड साउथवुड यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली.

समितीच्या हाती थेट पुरावा जवळपास नव्हताच. आधार होता तो मेंढ्यांचा: त्यांच्यात ‘स्क्रेपी’ हा तशाच जातीचा रोग दोनशेहून अधिक वर्षं होता आणि त्याची माणसांना बाधा झाल्याचं कधी दिसलं नव्हतं. त्यावरून फेब्रुवारी १९८९च्या अहवालात समितीने लिहिलं, की माणसांना धोका असण्याची शक्यता फारच कमी आहे. लगेच पुढे लिहिलं, की हा अंदाज चुकला, तर परिणाम अत्यंत गंभीर होतील.

पहिलं वाक्य पुढे वर्षानुवर्षं उद्धृत होत राहिलं, दुसरं मागे पडलं. अंदाजाचा निर्वाळा झाला! २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्र्यांना संसदेत सांगावं लागलं, की तरुणांमध्ये दिसलेल्या मेंदूच्या नव्या आजाराचा संबंध बहुधा बीएसईशी आहे. त्या आजाराने ब्रिटनमध्ये १७०हून अधिक बळी घेतले. बीएसई प्रकरणाच्या २०००च्या फिलिप्स चौकशी अहवालानेही नेमकं यावरच बोट ठेवलं: तात्पुरतं मत सिद्ध झालेलं विज्ञान म्हणून वापरलं गेलं.

सल्लागार समित्यांची चर्चा होते ती बहुतेक सदस्य कोण, कोणाच्या मर्जीतले, यावर. तो प्रश्न रास्तच आहे. पण मला त्याहून मोठी काळजी वाटते ती ‘आम्हाला खात्री नाही’ हे शब्द प्रयोगशाळेतून मंत्रालयापर्यंत टिकतात का, याची. निर्णय मंत्र्यांनीच घ्यायचा. पण कशाच्या भरवशावर घेतोय, हे त्यांना आणि आपल्यालाही कळायला हवं.

हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसीने यावर एक चांगली वाट काढली. तिथे शब्दांना आकडे बांधून दिलेत: ‘संभाव्य’ (likely) म्हणजे किमान ६६ टक्के शक्यता, ‘अतिशय संभाव्य’ (very likely) म्हणजे किमान ९० टक्के. शिवाय त्या निष्कर्षामागचा पुरावा किती भक्कम, हेही वेगळं सांगितलं जातं. कोविडच्या काळात ब्रिटनच्या ‘सेज’ या सल्लागार गटाची इतिवृत्तंही बंद दाराआडच होती. टीका वाढल्यावर मे २०२०पासून ती जाहीर होऊ लागली आणि सरकारला नेमकं काय सांगितलं गेलं होतं, हे कोणालाही मूळ शब्दांत वाचता येऊ लागलं.