शाळेचा ग्रेड आणि लपलेलं वजन

बडोद्याच्या दांडिया बाजारात शेजारच्या वहिनींनी परवा मोबाइल पुढे केला. मुलाच्या शाळेचा ग्रेड ‘ए’वरून ‘बी’वर आला होता. “शाळा बिघडली का हो? दाखला काढू का?”

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या बडोदे संस्थानात लागू केला. सक्ती म्हटली की आधी मोजायची ती हजेरी. पुढे २००९ पासून गुजरातच्या ‘गुणोत्सवा’त सरकारी प्राथमिक शाळांना ग्रेड मिळू लागले. राज्यांसाठी केंद्राचा ‘परफॉर्मन्स ग्रेडिंग इंडेक्स’ २०१७-१८ पासून आला, त्यात तर सुरुवातीला ७० निकष आणि १००० गुण होते. अनेक बाजूंनी पाहणं योग्यच आहे. पण या बाजूंची बेरीज कशी होते, हे कुणी पालकांना सांगत नाही.

समजा, दोनच निकष आहेत, हजेरी आणि परीक्षा, दोघांना निम्मं निम्मं वजन. पहिल्या शाळेची हजेरी ९२, परीक्षा ५५. दुसरीची ८९ आणि ६५. सरासरी काढा: ७३.५ आणि ७७. दुसरी पुढे.

आता गावातल्या सगळ्या शाळांकडे बघा. हजेरी सगळीकडे नव्वदच्या आसपास, इकडेतिकडे एखाद्या टक्क्याचा फरक. परीक्षेत मात्र सरासरी ६० आणि फरक दहा-दहा गुणांचा. म्हणजे कागदावर वजन निम्मं असलं, तरी क्रम जवळजवळ परीक्षाच लावते. जिथे फैलाव मोठा, तिथे खरं वजन. म्हणून संख्याशास्त्रात प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत त्या मापाने, भागतात. हजेरीचं प्रमाण विचलन १ आणि परीक्षेचं १० धरा. पहिली शाळा हजेरीत अधिक २, परीक्षेत उणे अर्धा, सरासरी अधिक ०.७५. दुसरी उणे १ आणि अधिक अर्धा, सरासरी उणे ०.२५. क्रम उलटा झाला, आणि एकाही मुलाचा एकही गुण बदललेला नाही! धोका याही रीतीत आहे: लग्नसराईत दोन मुलं गैरहजर राहिली, की तेवढा फरकही फुगून मोठा दिसतो.

निकालानंतर चौकात ‘१०० टक्के निकाल’ असे फलक लागतात. बारा मुलं बसली आणि बाराही पास झाली, तरी १०० टक्केच. असा फलक पाहून शाळा निवडणं हे मला अंकज्योतिषाइतकंच निराधार वाटतं.

वहिनींना म्हटलं, दाखला राहू द्या, आधी शाळेत जाऊन प्रत्येक निकषाचे वेगवेगळे गुण मागा, या वर्षीचे आणि गेल्या वर्षीचेही. मग आपण दोघं बसून कोणता आकडा किती हलला ते पाहू.