ब्यावोव्येझा (ग्रामीण ग्मिना)

पोलंडच्या पोदलास्क्ये प्रांतातील, हायनुफ्का जिल्ह्यातील ग्रामीण ग्मिना. क्षेत्रफळ सु. २०३ चौ. किमी. पूर्वेस बेलारूसची सीमा. बहुतेक भूभाग ब्यावोव्येझा अरण्याने व्यापला असून वस्ती जंगलातील मोकळ्या माळांवर आहे. मुख्य गाव नारेफ्का नदीकाठी. तेरेमिस्की, पोगोझेल्त्से, बुदी ही लहान गावे पश्चिमेकडे. ग्मिना ही आपल्याकडील गटग्रामपंचायतीच्या जवळची, पण अधिकारांनी बरीच मोठी संस्था.

‘ब्यावा व्येझा’ म्हणजे पांढरा बुरूज. हे नाव काम्येन्येत्स (आता बेलारूस) येथील तेराव्या शतकातील मनोऱ्यावरून आले, असे लोकप्रिय लेखनात आढळते. तो मनोरा लाल विटांचा असून येथून दूर आहे. त्यामुळे पोलंडचा राजा यागयेव्वो याच्या शिकारी वाड्याच्या पांढऱ्या बुरुजावरून नाव पडले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. इतिवृत्तकार द्वुगोश याने १४०९ च्या शिकारीसंदर्भात या स्थळाचा उल्लेख केला आहे. मात्र तो वाडा आजच्या गावी नव्हे, तर ‘स्तारा (जुने) ब्यावोव्येझा’ येथे असावा.

कारभार १५ सदस्यांची परिषद (२०,००० पर्यंत लोकसंख्येसाठी कायद्याने ठरलेली संख्या) व वुइत हा कार्यकारी प्रमुख पाहतात. २००२ पासून वुइत थेट मतदानाने निवडला जातो. २०१८ पासून मुदत ५ वर्षे. गावपातळीवर सोव्तिस (गावप्रमुख) असतो.

येथील अर्थकारणाचा कळीचा मुद्दा वनकर. हेक्टरी दर म्हणजे ०.२२० घनमीटर लाकडाची सरासरी विक्रीकिंमत: घनमीटरला ३०० झ्लॉटी (पोलंडचे चलन) धरल्यास ६६ झ्लॉटी. राष्ट्रीय उद्यानात व राखीव निसर्गक्षेत्रात दर निम्मा, म्हणजे ३३. चाळीस वर्षांखालील झाडोऱ्याला करमाफी. साहजिकच उद्यान वाढले की त्या जमिनीवरचा ग्मिनेचा वनकर घटतो. १९२१ च्या राखीव वनातून उभे राहिलेले येथील ब्यावोव्येझा राष्ट्रीय उद्यान १९९६ मध्ये जवळपास दुप्पट, सु. १०५ चौ. किमी. झाले, वाढीव भाग मुख्यतः शेजारच्या नारेफ्का ग्मिनेत आहे. २००० च्या कायदादुरुस्तीपासून सीमावाढीस ग्मिना, जिल्हा व प्रांत या तिन्ही परिषदांची संमती लागते, तर स्वयंसेवी संस्थांना ३० दिवसांत केवळ मत नोंदवता येते. संपूर्ण अरण्य उद्यानात घेण्याची मागणी जुनी आहे. ती मुख्यतः या संमतीपाशी अडते.