बांडगूळ आणि मोनितो देल मोंते

बांडगूळ काय असतं हे विदर्भात कोणाला सांगायची गरज नाही, धुऱ्यावरच्या मोहाला नाहीतर आंब्याला ते लागलेलं दिसतंच. मोनितो देल मोंते हा चिली-अर्जेंटिनाच्या जंगलात झाडावर राहणारा, उंदराएवढा, कांगारूसारखी पोटाला पिशवी असणारा प्राणी. झाडाची आणि प्राण्याची तुलना कशाला, असं वाटेल, पण तिकडच्या बांडगुळाचं याच्यावाचून अडतं.

आपलं बांडगूळ अर्धं परजीवी आहे, पानं हिरवी असल्यानं अन्न स्वतः बनवतं पण पाणी आणि क्षार फांदीतून ओढतं, म्हणून चिकटलेल्या जागी फांदीला गाठ येते. पिकलेलं फळ बोटांनी दाबून बघा, आतला गर असा चिकट की हात झटकला तरी तार सुटत नाही. फुलटोच्या पक्षी ते खातो, बी बुडाला चिकटतं, मग तो फांदीवर बूड घासतो आणि बी तिथंच रुजतं. चिली-अर्जेंटिनात हेच काम रात्री मोनितो करतो, क्विंत्राल नावाच्या बांडगुळाचं फळ गिळतो आणि विष्ठेतून बी फांदीवर चिकटतं. हे २००० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. तिथल्या दमट जंगलात हे फळ पिकलं तरी हिरवंच राहतं, आणि जिथं मोनितो नाही, पक्षी खातात, तिथं पिवळं होतं!

दोघं मुळात कुठले, हा वाद मोठा आहे. १९८२ मध्ये घोट्याच्या हाडांवरून मोनितोचं नातं शेजारच्या अमेरिकी पिशवीवाल्या प्राण्यांपेक्षा ऑस्ट्रेलियातल्यांशी जास्त जवळचं असल्याचं मांडलं गेलं, पुढच्या जनुकीय अभ्यासांनीही साधारण तेच धरलं, नेमकी जागा मात्र अजून वादात आहे. म्हणजे दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया वगैरे गोंडवाना नावाच्या एकाच जुन्या खंडात जोडलेले होते तेव्हाचं हे नातं. (गोंडवाना हे नाव आपल्याच गोंडांच्या मुलखावरून आलं, १८७२ च्या सुमारास भूगर्भतज्ज्ञांनी खडकांना दिलं, चंद्रपूर-वणीचा दगडी कोळसा त्याच खडकांतला.) बांडगुळाचं कुळही गोंडवानातलंच मानतात. ते भारताच्या भूखंडासोबत आलं की मागाहून पसरलं, यावर एकमत नाही, पण भारत गोंडवानाच्या अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियाच्या भागापासून सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीच सुटा झाला आणि हे कुळ त्याहून बरंच अलीकडचं दिसतं, त्यामुळे मागाहून आलं हेच जास्त पटतं.

मोनितो हिवाळाभर झोपून काढतो, त्यासाठीची चरबी शेपटीच्या बुडाशी साठवतो. आपल्याकडे बांडगुळाचा पाला बकऱ्या खातात. आंब्यावरून काढायचं तर गाठीच्या खालून फांदीसकट छाटावं लागतं, नुसतं वरून ओरबाडलं तर परत फुटतं.