प्रेप (पर्सनल रिस्पॉन्सिबिलिटी एज्युकेशन प्रोग्रॅम)

किशोरवयीन मुलामुलींमधील गर्भधारणा आणि लैंगिक संबंधांतून होणारे आजार टाळण्यासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारने सुरू केलेली अनुदान योजना. २३ मार्च २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी सही केलेल्या आरोग्यसेवा कायद्यातून ती आली. तरतूद वर्षाला ७.५ कोटी डॉलर. त्यातला मोठा वाटा राज्यांना १० ते १९ वयोगटातील लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतो. बेघर मुले, सरकारी देखरेखीखाली परक्या कुटुंबांत वाढणारी मुले आणि किशोरवयीन मातांचे प्रमाण जास्त असलेल्या भागांतली मुले यांना प्राधान्य असते. एकविशीच्या आतल्या गरोदर मुली आणि मातांनाही योजना लागू आहे.

कायद्यात दोन अटी आहेत. पहिली, संयम (म्हणजे लैंगिक संबंध न ठेवणे) आणि गर्भनिरोधन हे दोन्ही विषय शिकवायचे, आणि दोन्हींवर पुरेसा भर द्यायचा. दुसरी अट अधिक वेगळी आहे. निकोप नातेसंबंध, वयात येताना होणारे बदल, पैशाचे व्यवहार, आईवडिलांशी संवाद, शिक्षण व नोकरी आणि रोजच्या जगण्यातली कौशल्ये या सहांपैकी किमान तीन विषय घ्यावेच लागतात. कायदा याला ‘प्रौढपणाची तयारी’ म्हणतो. आपल्याकडचा शब्द वापरायचा तर मुलांनी कर्तेसवरते होण्याची तयारी. त्यामुळे एकाच वर्गात एके दिवशी तासाच्या मजुरीतून कर कापून हातात किती उरते याचा हिशेब होतो, तर दुसऱ्या दिवशी कार्डांचा खेळ. निरोध वापरण्याची एकेक पायरी एकेका कार्डावर लिहिलेली असते, प्रत्येकाच्या हातात एक कार्ड, आणि मुलांनी आपसांत बोलून योग्य क्रमाने रांगेत उभे राहायचे. पाकिटावरची मुदत तपासण्याचे कार्ड ज्याच्याकडे असेल त्याला पुढे जावे लागते. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही आणि तिथेच हशा पिकतो.

संयम आणि गर्भनिरोधन यांची ही सांगड मुळात राजकीय तडजोड होती. गरीब कुटुंबांना सरकारी मदत देण्याविषयीच्या १९९६ च्या कायद्याने ‘लग्नापर्यंत संयम’ एवढेच शिकवणाऱ्या वर्गांसाठी वर्षाला ५ कोटी डॉलर ठेवले होते. २००७ मध्ये अशा चार कार्यक्रमांची सरकारी खर्चाने पाहणी झाली. वर्गात बसलेली मुले आणि न बसलेली मुले यांच्यात फरक आढळला नाही. पहिल्या संबंधाचे सरासरी वय दोन्हीकडे १४.९ वर्षे. तरीही गंमत अशी, की प्रेप जन्माला घालणाऱ्या त्याच कायद्याने संयमशिक्षणाचे ते ५ कोटीही पुन्हा चालू केले. दोन्ही बाजूंना आपापली थैली मिळाली. टेक्सास आणि फ्लोरिडा यांनी राज्य म्हणून प्रेपचे पैसे घेतले नाहीत. अशा ठिकाणी केंद्र स्पर्धेने निवडलेल्या स्थानिक संस्थांना ते थेट देते.

पैशाचे व्यवहार आणि गर्भधारणा यांचा संबंध काय, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर न्यूयॉर्कमध्ये मायकेल कॅरेरा यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात सापडते. शाळा सुटल्यावर शिकवणी, दवाखाना, खेळ, नोकरीची ओळख आणि प्रत्येक मुलाच्या नावाने बँकेत खाते. भविष्य दिसू लागले की मूल जपून वागते, हा त्यामागचा विचार. तिथल्या मुलींमध्ये गर्भधारणा ठळकपणे कमी झाल्या, पण दुसऱ्या शहरांत तेच करून पाहिल्यावर तसे यश आले नाही. कार्यक्रमाचा आराखडा नेता येतो, ती माणसे नेता येत नाहीत, असे म्हणावेसे वाटते.

परिणामाचे श्रेय देताना सावध राहावे लागते. अमेरिकेत १५ ते १९ वयाच्या दर हजार मुलींमागे १९९१ मध्ये ६१.८ जन्म होत. २०१० मध्ये ३४.२ आणि २०२३ मध्ये १३.१. म्हणजे प्रेप सुरू होण्याआधीच हा दर जवळपास निम्म्यावर आला होता. प्रेपच्याच वर्षी सुरू झालेल्या गर्भधारणा-प्रतिबंधाच्या दुसऱ्या केंद्रीय योजनेतील पहिल्या ४१ चाचण्यांपैकी १२ मध्येच मुलांच्या वर्तनात चांगला बदल दिसला. त्या योजनेची अनुदाने २०१७ मध्ये मुदतीआधी थांबवण्याचे आदेश निघाले आणि २०१८ मध्ये न्यायालयांनी ते बेकायदा ठरवले.

मराठी वाचकाने येथे एक भेद ध्यानात ठेवावा. भारतात किशोरवयीन मातृत्व बहुतांशी लग्नानंतरचे, त्यामुळे इथला प्रश्न बालविवाहाशी जाऊन भिडतो. शाळेत काय शिकवावे यावरचा वाद मात्र सारखाच आहे. महाराष्ट्र सरकारने २००७ मध्ये विधिमंडळातल्या विरोधानंतर शाळांमधील लैंगिक शिक्षण थांबवले होते.

प्रेपबाबत वादाचा मुद्दा आता गर्भनिरोधनावरून लिंगभावाकडे सरकला आहे. अभ्यासक्रमातील त्याविषयीचा मजकूर काढायला नकार दिल्याचे कारण देऊन केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाचे प्रेप अनुदान बंद केले.