टीडी आणि टीडॅप : गरोदरपणातील लस आणि बाळाचे पहिले सहा आठवडे

आमच्या औषधांच्या दुकानातील ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आहे, मग हे टीडॅप आणखी कशाला?" असे गरोदर बाईच्या घरची माणसे आम्हाला वरचेवर विचारतात, आणि त्यांची शंका रास्त आहे. सरकारी दवाखान्यात मिळणारी टीडी ही लस धनुर्वात आणि घटसर्प यांपासून संरक्षण देते. टीडॅपमध्ये या दोन्हींच्या जोडीला डांग्या खोकल्याविरुद्धचा घटकही असतो. नावे जवळजवळ सारखी असल्याने गोंधळ होतो, म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर नेमके काय लिहिले आहे ते आमच्याकडून वाचून घ्यावे.

डांग्या खोकला मोठ्या माणसाला आठवडेच्या आठवडे बेजार करतो, तान्ह्या बाळाच्या मात्र तो जिवावर बेतू शकतो. इतक्या लहान बाळाला कधी कधी खोकल्याची ढास लागतच नाही. श्वास मध्येच थांबतो आणि ओठ निळे पडतात. बाळाची स्वतःची पेंटाव्हॅलंट लस (डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरची एकत्रित लस) ६ व्या आठवड्यात सुरू होते आणि पुढचे डोस १० व्या व १४ व्या आठवड्यात असतात. तोपर्यंत त्याच्याजवळ आईच्या रक्तातून वारेमार्गे आलेली प्रतिपिंडे (रोगाशी लढणारे रक्तातील घटक) तेवढी असतात. ब्रिटनमध्ये २०१२ साली डांग्या खोकल्याची मोठी साथ आल्यावर गरोदर स्त्रियांना डांग्या खोकल्याविरुद्धची लस देण्यास सुरुवात झाली आणि तिचा तान्ह्या बाळांना फार चांगला उपयोग झाल्याचे दिसून आले.

टीडॅप ही लस साधारणपणे गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान आणि प्रत्येक गरोदरपणात नव्याने घ्यायची असते, कारण प्रतिपिंडे काही काळाने कमी होतात. आपल्याकडे नेमके याच सुमारास डोहाळजेवण होऊन लेक माहेरी जाते, डॉक्टर बदलतात आणि लस राहून जाते. माहेरी जाताना माता व बाल संरक्षण कार्ड सोबत द्यावे आणि लस घेतली असल्यास आमचे बिलही त्यातच ठेवावे, कारण त्यावर बॅच क्रमांक असतो.

फ्लूची इंजेक्शनने दिली जाणारी निष्क्रिय (जिवंत विषाणू नसलेली) लस गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात चालते. ६ महिन्यांखालील बाळाला फ्लूची लस देता येत नाही, त्यामुळे इथेही आईच्याच लशीचा आधार असतो. लशीनंतर हात दुखणे किंवा किंचित ताप येणे सामान्य आहे. पूर्वी एखाद्या लशीची ॲलर्जी झाली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

या लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहाव्या लागतात. आम्ही लस बर्फाच्या पॅकसह थर्माकोलच्या डब्यात देतो, पण बाटली आणि बर्फ यांच्यामध्ये कागदाची घडी ठेवतो, कारण एकदा गोठलेली लस नंतर दिसायला ठीक वाटली तरी निकामी झालेली असते. म्हणून ती फ्रीझरमध्ये किंवा उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरच्या डिकीत कृपया ठेवू नये. डॉक्टरांची वेळ पक्की झाल्यावरच, त्याच दिवशी ती न्यावी.

घरात कोणी खोकत असेल तर त्या व्यक्तीने बाळापासून दूर राहावे, मग ती आजी असो वा बारशाला आलेले पाहुणे. बाळाला धुरी देण्याची पद्धत प्रेमापोटीच आलेली आहे, तरी धुराने कोवळ्या श्वासनलिकेला त्रास होतो, म्हणून ती टाळावी. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक होत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर रात्र असली तरी रुग्णालयात न्यावे. अशा वेळी खोकल्याचे सिरप मागू नये. एवढ्या लहान बाळासाठी आम्ही ते देत नाही.