पशुवर्तन व पशुवैद्यक (ग्रामीण विदर्भ)

जनावराचे उठणे-बसणे, चरणे, रवंथ, आवाज व कळपातील वागणूक यांवरून रोग, वेदना वा माज ओळखणे आणि उपचारावेळी त्याचे भय कमी करणे, असा या विषयाचा दुहेरी आशय आहे. विदर्भात त्याचा संबंध मुख्यतः गवळाऊ व कठाणी गोवंश, नागपुरी व पूर्णाथडी म्हशी आणि बेरारी शेळी यांच्याशी येतो. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासूनचे आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० मध्ये नागपुरातच स्थापन झाले.

निरोगी गाय दिवसाकाठी साधारण सहा ते आठ तास रवंथ करते. रवंथ थांबला, की ताप चढण्याआधीच घरच्या माणसाला शंका येते. आखरावरून (गावाबाहेर ढोरे जमवण्याच्या जागेवरून) ढोरे नेणाऱ्या गायकीला, म्हणजे गुराख्याला, कळपामागे रेंगाळणारे जनावर प्रथम दिसते. गायकीची साक्ष रोगवृत्तान्तात नोंदवलीच पाहिजे. पाय बदलून लंगडणे तिव्याकडे (तीन दिवसांच्या तापाकडे), तर पोटावर लाथा मारणे व सतत ऊठबस पोटदुखी वा पोटफुगीकडे बोट दाखवते. चाऱ्यातून तार गिळलेली गाय पाठ कमानदार करते, कोपरे बाहेर काढून उभी राहते आणि उतार उतरताना अडते.

म्हशीचा ‘मुका माज’ हा वादाचा विषय आहे. एका मतानुसार अनेक म्हशींत बीजांड सुटते, पण माजाचे वर्तन प्रकटच होत नाही. दुसऱ्या मतानुसार वर्तन असते, ते पाहिले जात नाही. माजचक्र सुमारे २१ दिवसांचे. पण म्हशी गायींइतक्या एकमेकींवर चढत नाहीत, सोट (माजात योनीतून येणारा चिकट स्राव) नेहमी लोंबत नाही आणि माजाची सुरुवात बहुधा संध्याकाळनंतर ते पहाटेपर्यंत होते. वारंवार लघवी, रेकणे, दूध आटणे ही लक्षणे अंधारात सहज निसटतात. रेड्याचे हुंगणे मात्र सहसा चुकत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात खराखुरा मुका माज वाढतो हे मान्य करूनही दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण पहाटे व रात्री कोठ्यात (गोठ्यात) फेरी मारल्यास माज सापडण्याचे प्रमाण वाढते. दिवस लहान होऊ लागले, की म्हशी नियमित माजावर येतात. सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या सकाळी कृत्रिम रेतन, हा नियम गायींवरून आला आहे. म्हशीत माजाचा आरंभच हुकत असल्याने तो सावधपणे वापरावा.

माजाचे हंबरणे आणि पिसाळल्याचे हंबरणे यांत गल्लत झाल्यास ती जीवघेणी ठरू शकते. रेबीज झालेली गाय घोगऱ्या आवाजात तासन्‌तास हंबरते, कुंथते, क्वचित इतरांवर चढतेही. लाळ गळते व गिळता येत नाही. घशात काही अडकले असे समजून मालक तोंडात हात घालतो. असे जनावर आढळल्यास, कुत्रा चावल्याचे कोणी पाहिले नसले तरी, उघड्या हाताने तोंड तपासू नये. लाळेशी संपर्क आलेल्यांनी जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच लस घ्यावी.

हाताळणीत वेसण व दवाखान्यातील खोडा (जनावर अडकवून उभे करण्याची चौकट) सर्वपरिचित आहेत. गाईला थेट मागचे दिसत नाही. म्हणून बाजूने, बोलत जवळ जावे. उन्हातून चालत आणलेल्या जनावराचे तापमान व नाडी दोन्ही वाढलेली असतात. ते सावलीत स्थिरावल्यावरच मोजमाप घ्यावे; एरवी सुमारे १०१.५ अंश फॅरनहाइट हे सर्वसाधारण तापमान धरतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, श्रावण अमावास्येपूर्वी, बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात. त्या वेळी खांदा चोरणारा बैल सहसा जुवामुळे झालेली खांदेसूज दाखवत असतो. शेळीच्या वेदनावर्तनाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. कळपापासून अलग राहणे, दात खाणे व मान खाली घालणे ही तिची मुख्य चिन्हे होत.